अकरावी पिढी

रिपोर्ट दोन पानांचा.
ऋजुताची फाईल चार वर्षांत
रिक्षाच्या सीटवर तिसऱ्या माणसाएवढी जागा
घ्यायला लागली होती:
नळ्यांचे फोटो, हार्मोन, दुर्बीण, पुन्हा नळ्या,
मधल्या एका कप्प्यात कुणीतरी दिलेली
अंगाऱ्याची पुडी.
माझी दोन पानं तिच्याच फायलीत
मागे लावली. कळतही नव्हती.

प्रभात रोडची गल्ली, नंबर विसरलो,
बुचाची फुलं पडतात ती.
शिकलगार मॅडमनी पेन्सिल काढली,
एक उंच काठी, शेजारी एक ठेंगणी.
"ही ठेंगणी वडिलांकडून आली.
त्यांना त्यांच्या वडिलांकडून."
मग खोडरबरानं ठेंगणीच्या खालच्या अंगाला
एवढंसं पुसलं.
"इथला मजकूर नाहीये."
फुंकर मारून चुरा उडवला. माझ्या पँटवर आला.

मी विचारलं, आठवीत गालगुंड झालं होतं,
त्यानं? मांडीवर लॅपटॉप घेतो, त्यानं?
रोजचं हिंजवडी, बाईकवरून?
"नाही हो. तुमच्या जन्माआधीच.
नक्कल होताना गळलं असणार.
वडिलांचं तपासलं तर बहुधा पूर्ण निघेल.
कुणाचा दोष नाही."
हे शेवटचं वाक्य
ऋजुतानं त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.
माझ्याकडे न बघता.

आईनं तिच्याकडून सोळा सोमवार करून घेतले होते.
आईला सांगितलं.
ती मेथी निवडत राहिली.
निवडलेलीही परत निवडली.

भार्गवकाका कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती काढतायत.
सदाशिव पेठेत, दोन खोल्यांत,
माणसं पिढीवार गठ्ठ्यांत बांधून ठेवलीयत.
रात्री मी जुनी आवृत्ती उघडली.
घराणे तिसरे. वैजनाथ, त्याचा त्र्यंबक,
त्याचा बाळंभट, त्याचा पुन्हा वैजनाथ.
मुली एका ओळीत येतात
आणि त्याच ओळीत दिल्या घरी जातात.
बाकी सगळं जाडजूड पुस्तक म्हणजे
ती ठेंगणी काठी,
हर्णैहून घाट चढून हातोहात पुण्यात आलेली.
मध्ये मध्ये, बारीक टायपात, "निपुत्रिक".
सातव्या पिढीत एक सीताराम:
"सावकारी. विवाह तीन. निपुत्रिक."

तीन.

तिघींची नावं शोधली.
तिसरीचं द्वारका.
आधीच्या दोघींची दिलेलीच नाहीत.
मी पान ऋजुताकडे सरकवलं.
तिनं चष्मा लावला, वाचलं,
आणि बोट तिथंच ठेवून बसली बराच वेळ,
पानातून कुणी उठून जाईल म्हणून धरल्यासारखी.

मॅडमनी पुढचंही सांगितलं होतं.
आतून शोधता येतात, कधी सापडतात,
थोडे सापडले तरी चालतं. खर्च लिहून दिला.
"एक आधीच सांगते. मुलगा झाला,
तर त्याच्याकडे हीच काठी, अशीच खोडलेली.
मुलगी झाली, तर ही काठी तिच्याकडे जातच नाही."
परतताना म्हात्रे पुलावर सिग्नल लागला
आणि ऋजुता हसायला लागली. हेल्मेटच्या आत.
म्हणाली, मुलगा झाला तर पुस्तक अडखळणार,
मुलगी झाली तर पुस्तक संपणार,
तुझ्या काकांना कुठलं परवडेल विचार.
मागचा हॉर्न वाजवत होता.
मला हसू आलं की काय आलं,
काच धुरकटली एवढं खरं.

आज सकाळी काकांचा फोन.
"तुझा फॉर्म अर्धाच आलाय रे.
अपत्ये, या रकान्यात काही नाही.
रेघ मारू, की जागा रिकामी ठेवू?
कागद महाग झालाय, नक्की सांग."
मी म्हटलं, ठेवा रिकामी.
"किती ओळी?"
मला सांगता येईना.
ऋजुता ओट्यापाशी डबा भरत होती.
झाकण लावता लावता मोठ्यानं म्हणाली,
"त्यांना म्हणावं, सातव्या पिढीतही ठेवा.
दोन ओळी. द्वारकाबाईंच्या वर."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज.
मग काका:
"कोण द्वारकाबाई?"