हातचा

झ्वोलेच्या दवाखान्यात एकतीस टक्के बरे,
लेवार्डनमध्ये चौदा.
पुस्तक तेच, भेटी सोळाच,
घोट्याला बांधायचं काळं यंत्रही तेच,
पावलं मोजणारं, झोप चोरून बघणारं.
फरक कुठून आला, एवढंच मला शोधायचं होतं.

प्राध्यापक म्हणाले, थेरपिस्टमध्ये असेल.
लेवार्डनच्या सित्स्केबाई जरा घाईच्या, म्हणे.
मी त्यांच्या टेप ऐकल्या.
एक पेशंट वाक्याच्या मध्येच थांबते
आणि सित्स्केबाई थांबतात तिच्याबरोबर,
चाळीस सेकंद,
नुसती रेडिएटरची टकटक.
ही घाई नव्हे.

मग मूळ वह्या मागवल्या.
झ्वोलेत सुरुवात केली अठ्ठावन्न जणांनी,
शेवटच्या भेटीला छत्तीस. त्यातले अकरा बरे.
टक्केवारी छत्तिसांवर काढलेली.
बावीस जण कुठल्याच रकान्यात नव्हते.
लेवार्डनमध्ये सत्तावन्न आले, सत्तावन्न राहिले,
अंथरुणातून उठून आल्यासारखेसुद्धा.

इथल्या शाळेत बेरीज शिकवताना म्हणतात,
तीन लिही, एक लक्षात ठेव.
आपण म्हणतो, हातचा एक.
तो धरायचा राहिला
की उत्तर चुकतं, पण दिसायला ठीकच दिसतं.

बाविसांपैकी नऊ जणांचे फोन लागले.
हिलिख्ये बूर्माच्या नवऱ्याने उचलला,
कुजबुजत म्हणाला, थांबा, उशीजवळ धरतो.
ती म्हणाली, उपचार वाईट नव्हता हो.
बाई चांगल्या होत्या.
पण लिफ्ट बंद, दुसरा मजला.
वर पोचेपर्यंत मी काय सांगायला आले तेच विसरायचे,
आणि घरी आल्यावर तीन दिवस पडदे बंद.
मग, जरा दम खाऊन:
मला कशात धरलंय तुम्ही? बऱ्यांत, की न बऱ्यांत?

मला खोटं बोलता आलं असतं.

शुक्रवारी मी झ्वोलेला गेले.
अडतीस पायऱ्या. मधल्या वळणावर
कुणीतरी खुर्ची ठेवलेली,
गादीला बसून बसून खळगा पडलेला.
वर भिंतीवर आमचाच तक्ता, चौकटीत:
देशात पहिला क्रमांक.

तक्त्याखाली एक ओळ घालून मी अहवाल पाठवला:
बावीस जण, जिना.
प्राध्यापकांनी ती पेन्सिलीने कंसात टाकली,
खोडली नाही, ठेवलीही नाही.

लिफ्ट मार्चमध्ये दुरुस्त होणार आहे.
मग हिलिख्येसारखे लोक वरपर्यंत येतील,
सोळाही भेटी येतील,
आणि पुढच्या वर्षी झ्वोलेचे आकडे घसरतील.
तेव्हा बैठक बसेल, कॉफी येईल,
आणि कुणीतरी मला विचारेल,
आपलं नेमकं काय बिघडलं?