सात वाघरी

पाडव्याला आठ दिवस होते.
बालाघाट उतरून म्हाळप्पाची खांडं
मांजराकडं निघाली होती.
पुढं घोडी, घोडीवर खुराडं,
खुराड्याला टेकून झोपलेलं लेकरू.
मी तवा चुलीवर तसाच ठेवून बांधावर धावले,
कारण मागच्या साली उशीर केला
आणि सगळ्या रात्री
सरपंचाच्या उसाच्या रानानं खाल्ल्या.

"किती?" म्हणलं.
"दीडशे हायेत. रातीला तीन पायल्या."
"दोन. अन् लेकराला दूध."
त्यानं पागोट्यात बोट घालून डोकं खाजवलं,
ढेकूळ उचललं, चुरलं, वाऱ्यावर सोडलं.
"हिला लई दिवस कुणी काही दिलं न्हाई."
मला राग आला. खरं होतं म्हणून.

सात रात्री ठरल्या.
कणगीत हात घातला तर बूड लागलं.
चौदा पायल्या म्हणजे
माझ्या अन् नंदाच्या दोन महिन्यांच्या भाकरी.
मोजून दिल्या.
शेवटची पायली जरा दाबून भरली,
त्यानं पाहिलं, बोलला नाही.

पहिली वाघर विहिरीपाशी, दुसरी बोरीखाली.
तिसरी चुनखडीच्या तुकड्यात,
जिथं तूर गुडघ्याच्या वर कधी आली नाही.
रात्रभर मेंढ्या उठत, बसत,
म्हाताऱ्या माणसांसारख्या खाकरत,
आणि मुतत.
आभाळ कोरडंठाक, अन् शेतात बारीक सर.
मी आखाड्यावर पडून ऐकत राहिले.

चौथ्या रात्री एक मेंढी व्याली.
म्हाळप्पाच्या बायकोनं, तायव्वानं,
वार तिथंच पुरली,
कुत्र्यांच्या भीतीनं वर धोंडा ठेवला.
"ह्यो घास फुकटातला," म्हणाली.

सकाळी वाघर उचलली की लगेच वखर,
ऊन तापायच्या आत.
नंदा नाकाला पदर लावायची.
म्हणलं, लाव. पौषात हुरडा खाशील
तवा सांग मला वासाचं.

सातवी वाघर अंधारात टाकली.
उजाडल्यावर दिसलं,
हातभर जाळं बांध ओलांडून
दिराच्या रानात गेलेलं.
आमचं बोलणं नाही.
मोजणीवाले आले त्या दिवसापासून नाही.
त्यानं लेंड्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.
वाटलं, खराटा आणून
झाडून परत देतो की काय.
तसाच गेला.

मग मूग आला, शेंगा तोडल्या,
पाला रानातच गाडला.
मुगाच्या बेवडावर ज्वारी पेरली.

पौषात गोफण घेऊन माचावर चढले
तर खाली ज्वारीत सात चौकोन,
गर्द, काळपट हिरवे,
जशी वाघर अजून उभी आहे
अन् आत कुणी निजलंय.
चुनखडीतला फिकाच.
त्याला अजून दोन-तीन सालं लागतील.
सातव्याचा कोपरा बांधापलीकडं,
दिराच्या पिवळ्या पिकात
हातभर हिरवं ठिगळ.

तो तिथंच उभा होता.
एक ताट मुठीत धरून
बुडापासून कणसापर्यंत बघत.
मी गोफण फिरवली नाही.
पाखरं बसली, बसू दिली.

बऱ्याच वेळानं
ताटाशीच बोलल्यासारखा म्हणाला,
"म्हाळप्पा औंदा कधी उतरतोय?"
तीन वर्षांतलं पहिलं वाक्य.

"पाडव्याच्या आधी," म्हणलं.
"तीन पायल्या मागंल.
दोनवर येतो."