दिव्याची बाजू

दर पाच वर्षांनी, नोव्हेंबरात,
तळं गोठायच्या आधी
मी हे घड्याळ उघडतो.

झाकणाच्या आत सुईनं ओरखडलेली नावं:
अल्सीद, १८९४. त्याखाली एफ्रेम, १९२६.
मग बाबांचं अक्षर, तिरकं, घाईत असल्यासारखं.
ते कधीच घाईत नसत.
मग माझं, सातदा. आठवं कोरायचंय.

आमच्या ज्यूरा डोंगरात सहा महिने बर्फ.
गाई गोठ्यात, माणसं खिडकीत.
अल्सीद उन्हाळ्यात चीज करायचा, हिवाळ्यात चाकं,
आणि सांगायचा म्हणे,
दोन्हींत घाई केली की भोकं पडतात
नको तिथं.

हे एकच घड्याळ त्यानं विकायला केलं नाही.
अकरा हिवाळे लागले. लोकांच्या वेळेतून
जी काही उरेल तेवढीच वेळ घरची.

स्क्रू तिळाएवढासुद्धा नाही.
तिळाचे वीस तुकडे करा, त्यातला एक.
तो पडला की घरात कुणी पाऊल टाकायचं नाही.
एकदा पाद्रीबुवा अर्धा तास उंबऱ्यावर उभे होते,
एक पाय उचललेला,
आणि आई गुडघ्यांवर, हातात लोहचुंबक,
"आलेच हं" म्हणत.

कड घासायला जेन्शनची काडी,
शरदात कुरणात उभ्याउभ्या वाळलेली.
तिच्या भुसभुशीत पोटाला हिऱ्याची पूड लावायची
आणि घासत राहायचं,
पोलादावर उजेडाची एक रेघ
आपणहून उभी राहीपर्यंत.
तबकडीखालीसुद्धा.
तिथं कोण बघतंय, मी लहानपणी विचारलं होतं.
बाबांनी काडी बदलून दिली.

यंदा शेजारी माएल होती.
माझ्या लेकीची लेक, वय वर्षं अकरा,
रस्ता बंद म्हणून शाळा बंद.
तबकडी काढली. खालचा पूल उघडा पडला.
तिनं भिंग डोळ्यात अडकवलं,
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "हा कुणी डाव्या हातानं घासलाय."

मी हसलो. अल्सीद उजवा.
फोटोत कानस उजव्या हातात आहे.
एफ्रेम उजवा. बाबा उजवे. मी उजवा.
"कानशीच्या रेघा बघा ना, आजोबा.
माझी पेन्सिल अश्शीच पडते."

पस्तीस वर्षं मी हा पूल पुसतोय.

रात्री फडताळातून खर्चाची वही काढली.
क्लेमांस, अल्सीदची बायको.
चर्चच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे 'गृहिणी'.
बटाटे, मीठ, मेणबत्त्या, हिऱ्याची पूड,
आणि प्रत्येक ओळ पुसटलेली,
ओल्या शाईवरून हात फिरत गेल्यासारखी,
डावीकडून उजवीकडे, पानंच्या पानं.
आम्ही म्हणायचो, गबाळी होती.

माएलनं विचारलं, आता तिचं नाव कोरायचं का.
मी सुई तिच्या हातात दिली.
तिनं झाकण फिरवून फिरवून पाहिलं,
जागा होती, नखाएवढी.
"आधी मला शिकू दे," म्हणाली,
"वाकडं आलं तर तिला आवडणार नाही."

घड्याळ जोडलं. चावी दिली.
ते अजूनही दिवसाला चार मिनिटं मागं पडतं.
माझं नाव यंदा राहिलंच.

माएल झोपल्यावर मी बाकाजवळ गेलो,
डाव्या कडेच्या दिव्याची दांडी सोडवली,
उजव्या कडेला धरून पाहिली.
पेन्सिलीनं खूण करायला वाकलो
तर लाकडात बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं.

चार भोकं. मेणानं बुजवलेली.
अंतर तेच.