कोणी राहतं का इथे

परसोडीच्या आयटी पार्कात, मे महिन्यात, दुपारी तीनला
मी एका माणसाचं घर मांडून राहिली.
माणूस नाही. घरही नाही.
खऱ्या यंत्राच्या पोटात एक खोटं यंत्र,
त्यावर सुधाकर वैरागडे नावाचं खातं,
हुद्दा लेखापाल, कळमन्यातली संत्र्यांची पेढी.

येणारा व्हायरस दार वाजवत नाही,
हुंगतो.
डिस्क एवढीशीच? आजकाल कोण घेतं?
चालू होऊन किती वेळ झाला? चार मिनिटं? हं.
मग एक साधासा प्रश्न टाकतो
आणि उत्तराकडे पाहतच नाही,
यायला किती वेळ लागला ते मोजतो.
खोटं यंत्र किंचित उशीर करतं.
शंका आली की हा साळसूद होतो,
कॅलक्युलेटर उघडून दाखवतो,
आणि आपण त्याला सज्जन म्हणून सोडून देतो.

म्हणून डिस्क वाढवली.
डेस्कटॉपवर ठेवलं 'भाडेपावती फायनल',
'भाडेपावती फायनल २', 'भाडेपावती खरंच फायनल'.
कचरापेटीत सात फायली;
कचरा नाही अशा घरात कोण राहतं?
ब्राउझरच्या इतिहासात कूलरच्या पंपाची किंमत
आणि रात्री एक वाजता: 'सावजी खाल्ल्यावर जळजळ उपाय'.
माउस सरळ रेषेत धावायचा.
त्याला थोडं चुकायला शिकवलं,
मधेच थांबायला,
आतून कोणी हाक मारल्यासारखं.

नेटवर्क कार्डाच्या क्रमांकातली पहिली सहा अक्षरं
म्हणजे आडनाव.
कोणत्या घरात जन्मलं, तिथेच कळतं.
ती बदलताना हात थबकला.

त्रिमूर्तीनगरात खोली पाहायला गेले होते.
मालकीणबाईंनी माठातलं पाणी दिलं, नाव विचारलं.
सांगितलं.
"पूर्ण नाव गं."
मग मूळ गाव. मग वडील काय करतात.
मग, "चौदा एप्रिलला सुटी असते का तुमच्या ऑफिसला?"
इतक्या गोड आवाजात
की मला वाटलं,
ही बाई फार नीट लिहिलेली आहे.
खोली गेल्याच आठवड्यात गेल्याचं
त्यांना तेव्हा आठवलं.

"टेंपरेचर राहिलं ना बे," भूपेश म्हणाला.
खरंच. प्रोसेसर किती तापलाय, तेही विचारतात.
खोट्या यंत्राला ताप नसतो.
उत्तर येतं: काही नाही.
नागपुरात, शेहेचाळीस अंशांत,
काही नाही!
मी लिहिलं एकाहत्तर. मग बहात्तर. मग एकोणसत्तर,
कूलरमध्ये कोणी बादली ओतली असेल.

पाच वीसला त्याने विश्वास ठेवला.
झोपेचं सोंग टाकून उठला
आणि सुधाकररावांच्या पावत्या
एकेक करून कुलपात घालू लागला.
कुठे निरोप धाडतो, किल्ली कुठे लपवतो,
सगळं टिपलं. भूपेशने टाळी मागितली, दिली.
मग एक बटण,
आणि घर पुन्हा सकाळच्या साडेअकरात.
पावत्या जाग्यावर. रावांना काही आठवत नाही.
मला उगाच त्यांचा हेवा वाटला.

इंदोऱ्याला घरी जाताना फोन आला,
मनीषनगरची खोली. "पूर्ण नाव सांगा मॅडम."
वैरागडे सांगता आलं असतं, ओठांवर तयारच होतं.
मी माझं सांगितलं, तीनही शब्द, सावकाश.
"अच्छा अच्छा," ते म्हणाले,
"या ना, पाहून जा."

उत्तर यायला किंचित उशीर झाला होता.
मी मोजला.