खांबांचे पाय

तो आलेख मीच काढला होता.
तीन वर्षं, तीन निळे खांब,
पहिला बुटका, दुसरा त्याच्या दुप्पट, तिसरा तिप्पट,
आणि वर एक बाण, कुठेतरी आभाळात निघालेला.
फ्रेइताशसाहेब म्हणाले होते, अडतिसापासून सुरू कर,
खालची जागा कशाला वाया घालवायची.
मी वाया घालवली नाही.

शनिवारी वाफेची भट्टी लवकर विझवली,
सगळ्यांना पॅकिंगच्या टेबलांपाशी बोलावलं.
कारखान्याचे समभाग कामगारांना विकायचे होते.
कागद गुळगुळीत, रंगीत;
हातोहात फिरता फिरता त्यांना सार्डिनचा वास लागला.
बायका आलेखाकडे बघत होत्या
दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो बघावेत तशा,
माना डोलावत.

झुल्मीरा तेवढी डोलली नाही.
एकतीस वर्षं ती डबे भरते,
काट्यावर न ठेवता सांगते, यात चार ग्रॅम कमी आहे.
तिनं खांबांच्या खाली तळवा धरला
आणि मला विचारलं,
"अदेरितो, यांचे पाय कुठे आहेत?"

मी म्हणालो, पाय म्हणजे?
ती गोदामातून ट्रॉली ओढत आली.

एक डबा, एक लाख युरो.
एकोणचाळीस रचले. शेजारी चाळीस. शेजारी एक्केचाळीस.
तिच्या छातीला लागले तीन मनोरे
आणि तिसरा पहिल्याहून उंच होता
दोन बोटं. फार तर तीन.
मागून कुणीतरी म्हणालं, आता बाण कुठे लावायचा?

मग तिसरा मनोरा ती उतरवू लागली.
नफा-तोटा पत्रक मी वाचायचं, ती डबे मोजायची.
मासळी: सतरा.
ऑलिव्हचं तेल: सहा. (कुणीतरी शिवी हासडली, तेलाच्या भावाला.)
पत्रा आणि खोकी: पाच.
पगार: आठ.
पगाराची रास तिनं टेबलाच्या मधोमध ठेवली,
वीस-बावीस माणसं तिच्याकडे बघत राहिली,
एवढीशीच आपण, असं.
वीज एक. व्याज एक. घसारा एक.
घसारा म्हणजे काय, ओदेतनं विचारलं.
झुल्मीरानं झाकण लावायच्या यंत्राकडे बोट केलं,
मग स्वतःच्या मनगटाकडे.

उरले दोन.
फ्रेइताशसाहेबांनी टाळी वाजवली. नफा!
ती म्हणाली, "उचलून बघा."

हलके होते.
आदल्या रात्री तिनं सात डबे रिकामेच बंद केले होते.
लियोंच्या दुकानसाखळीनं उन्हाळ्यात माल उचलला,
पैसे अजून यायचेत;
माझ्या ताळेबंदात तेच सात,
येणी या ओळीत, नीटनेटके, उजवीकडे जुळवून.
दोन इथे. बाकीचे पाच कुठे?

कुणी सांगायच्या आधी हात पुढे गेले.
मासळीची रास भरलेली; कोळी रिकामा डबा घेत नाहीत.
तेलवालाही नाही.
पगारातले आठ एकेक करून फिरले,
या हातातून त्या हातात,
आणि पाच वेळा टेबलाभोवती काही बोलणं झालं नाही.

"पण पगार तर मिळाला," ओदेत म्हणाली.
"मिळाला. बँकेनं भरले ते पाच.
ती परत मागेल."

साहेब बोलत होते, बाजार, ब्रँड, पुढचं वर्ष.
माझ्या कानात मात्र डबा वाजत होता,
नखानं टिचकी मारल्यावर
भरलेला वाजत नाही तसा.

रात्री ऑफिसात ती फाइल उघडली.
अडतीस पुसून शून्य लिहिलं.
खांब खाली उतरले, जमिनीला टेकले,
तिघेही जवळजवळ सारखे,
पाळी सुटल्यावर फाटकाशी उभे राहतात तसे.
छापून नोटीसफलकावर लावला.
खाली सही करायची का, यावर बराच वेळ गेला.

सोमवारी ओदेतनं दोन समभाग घेतले.
का, ते मी विचारलं नाही.
झुल्मीरानं एकही घेतला नाही,
पण तो रिकामा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेली.
मी त्यात पेन्सिली ठेवणार होतो.
पण त्यासाठी तो उघडावा लागेल.