काट्याकडे पाठ

सोमवार, चतुर्थी, एकादशी, गुरुवार,
मग कुणालाच न बोललेले वार.
गावात माझं कौतुक: पोरगी देवाची.
सुमनकाकू सुनेला खिडकीतून दाखवायची मला,
दुसऱ्याकडची नवी भांडी दाखवावी तशी.
देवाला यातलं काही माहीत नव्हतं.

माय जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते.
एकशे चौदा पोट्टे, एक गंज.
घरी आली की पदराला हळदीचा, जिऱ्याचा वास,
आणि मी त्या वासापासून एक खोली लांब.
"जेवली का वं?"
"हाव."
तीन वर्षं आमच्यात एवढंच बोलणं होतं
आणि त्यातलं अर्धं खोटं.

कधी सुरू झालं, नीट सांगता येत नाही.
भरतीचं मैदान म्हणावं तर त्याच्याही आधी,
मामेबहिणीच्या लग्नातला ब्लाऊज म्हणावं तर तोही नाही.
एवढं आठवतं की त्या उन्हाळ्यात
सगळं हातून निसटत होतं
आणि ताट तेवढं माझ्या हाती होतं.

वेचणीत एका सकाळी तासातच खाली बसले.
उठता येईना.
ओटीतला कापूस काळ्या मातीत सांडला.
पंचफुलामावशीनं आधी मला उचललं, मग कापूस,
आणि म्हणाली,
"हे उपासाचं नोहे बाप्पा. दवाखान्यात चाल."

डेहनकर मॅडम यवतमाळवरून यायच्या, एक मंगळवार आड.
खोली लसीकरणाला लागून.
माझ्या दर वाक्यामागे कुणाचं तरी लेकरू रडायचं.
पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, हा आजार आहे.
आजार.
तो शब्द मी काळी-पिवळीत मांडीवर धरून घरी आणला,
शेजारणीची अंडी आणावी तसा.

वजन करताना त्या मला काट्याकडे पाठ करून उभं करायच्या.
आकडा त्यांचा, भिंत माझी.
भिंतीवर एक जुनं पोस्टर,
त्यातल्या बाईचा एक डोळा कुणीतरी खिळ्यानं खरवडलेला.
उरलेल्या डोळ्याशी मी नजर मिळवायला शिकले.

आमच्या शेतात काटा निंबाला टांगतात.
गाठोडं लटकलं, काटा खाली गेला
की बाई हसते: आज वाढलं!
हे मी मॅडमना सांगितलं.
त्या लिहायच्या थांबल्या.
मीही थांबले.
पलीकडे लेकरू रडतच होतं.

मग त्यांनी मायला बोलावलं.
विचारू नका, म्हणाल्या, सोबत बसा.
माय, जिनं आजवर चुलीपाशी उकिडवं बसून
सगळ्यांच्या मागून खाल्लं,
ती माझ्यासमोर मांडी घालून बसली.
दोन ताटं, एकदम वाढलेली.
तिलाच आधी घास गिळवेना.

भाऊ म्हणाला, आता बरी दिसतेस.
चांगल्या मनानंच म्हणाला तो.
मी दोन दिवस पुन्हा खोलीत.
तिसऱ्या दिवशी मावशी आली, दारातच बसली,
तुरीच्या शेंगा सोलत.
"गाठ एकदम नाही सुटत वं.
नखानं. थोडी थोडी."
आणि सोललेले दाणे माझ्याकडे न बघता
आमच्या दोघींच्या मधे ठेवले.
किती खाल्ले ते मी मोजलं.
मोजलं हे मंगळवारी मॅडमना सांगितलं.

आज सोमवार.
फोडणीचं वरण, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर.
मी अर्धी खाल्ली,
अर्धी झाकून ठेवली, संध्याकाळसाठी. खरंच संध्याकाळसाठी.
खिडकीतून सुमनकाकू:
"आज उपास नाही का वं?"
"सोडला, काकू."
"बाई! पारणं कधी झालं?"
"चालूच हाय अजून."

आत माय भाकर थापत होती.
थापणं थांबलं नाही,
फक्त आवाज बदलला.