चौथ्या मजल्याची झडप

ह्या इमारतीला एसी नाही.
हे वाक्य मी इतक्या सभांमध्ये म्हटलंय
की आता ते माझ्या आडनावासारखं वाटतं.

नैरोबीची हवा रात्री आपोआप निवते,
न्गाँगच्या टेकड्यांवरून उतरते, फुकट, कुणाला न विचारता.
आपण फक्त वाट मोकळी करायची.
रात्री नऊला झडपा उघडतात,
गारवा आत शिरतो, काँक्रीटच्या छतात मुरतो
लोणच्यात मीठ मुरावं तसा,
आणि खालची माणसं दिवसभर
तो पुरवून पुरवून वापरतात.

गणित माझं. नऊ मजले, बारा धुराडी,
तळघरात पावसाचं पाणी,
आणि उन्हाला खिडकीबाहेरच थोपवणाऱ्या मातीच्या जाळ्या,
कितुईच्या भट्टीतल्या, एक दुसरीसारखी नाही.
अहवालात शेवटी लिहिलं होतं:
वापरणारे जुळवून घेतील.
किती सोपं असतं माणसांना 'वापरणारे' म्हणणं.

फेब्रुवारीत चौथ्या मजल्यावरून पत्र आलं.
हिशेब विभाग, श्री. ओगुटू:
माझ्या टेबलावर सत्तावीस अंश.
मग दुसरं: साडेसत्तावीस.
तिसऱ्या पत्रात नुसता आकडा
आणि खाली सही.

सेन्सर तपासला. तो खरं बोलत होता.
संगणक सांगत होता, झडप उघडी.
संगणकाला मोटर फिरलेली कळते,
झडप हलली का, ते नाही.

रात्री मुटिसोबरोबर वर गेले.
रात्रपाळीचा मुटिसो,
चालताना प्रत्येक कठड्याला हात लावत जाणारा,
हातात बॅटरी असून ती न लावणारा.
शिडीवर मी पुढे. तो खालून म्हणाला,
"इंजिनियर न्योकाबी, जरा हळू बोला."
मी बोलतच नव्हते.

झडपेला सायसलची दोरी, तीन गाठी.
मोटरचा दांडा काढून, फडक्यात गुंडाळून
बाजूला ठेवलेला, हरवू नये म्हणून.
आणि आत, धुराड्याच्या कडेला, पाकोळीचं घरटं:
पिसं, वाळकं गवत,
निवडणुकीच्या कुठल्याशा पत्रकाचा चिटोरा,
सगळं थुंकीनं चिकटवलेलं.
सिमेंट नाही, ट्रक नाही, उरलेला राडारोडा नाही.
वीस वर्षं मी ह्यावरच भाषणं देते आहे.

"किती दिवस?"
"पिल्लं उडेपर्यंत."
"म्हणजे किती?"
"अजून सोळा रात्री."
त्यानं नोंदवही दाखवली.
दिवे, दारं, पंप, सही, ह्यांच्या शेजारी
हातानं आखलेला एक जास्तीचा रकाना,
आणि त्यात रोज एकच शब्द:
पक्षी.

सकाळी ओगुटूंकडे गेले.
वाद घालायची तयारी करून गेले होते, तो वायाच गेला.
त्यांनी विचारलं, "पिल्लं किती?"
"दोन."
त्यांनी कोट काढला. अकरा वर्षांत
त्यांना बिनकोटाचं कुणी पाहिलं नव्हतं.
तक्रार मात्र मागे घेतली नाही.
"फाइलमध्ये राहू द्या," म्हणाले,
"उकडत होतं, हे खरंच आहे."

सोळा नाही, एकोणीस रात्री लागल्या.
विसाव्या रात्री मुटिसोनं गाठी सोडल्या,
दांडा बसवला, झडप कुरकुरली,
आणि साठलेली ऊब आमच्या तोंडावरून
घाईघाईनं निघून गेली.
सकाळी चौथ्या मजल्यावर तेवीस अंश.
त्याबद्दल एकही पत्र आलं नाही.

आता मोम्बासा रोडवर नवी इमारत आहे.
नकाशात प्रत्येक धुराड्याला, झडपेच्या बाहेर,
मी वीतभर रुंदीची एक कड काढली आहे.
खर्च तपासणाऱ्या चेरोटिचनं तिच्याभोवती
लाल गोल करून विचारलंय: हे कशासाठी?

उत्तराचा रकाना लहान आहे.
एक शब्द मावतो.